'सई' नावाचा अर्थ काय, ते आलं कुठून, आणि आता फार झालंय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचं नाव 'सई' ठेवायचं आईबाबांच्या मनात पक्कं आहे. आत्याला ते अर्धवट वाटतं, 'सई म्हणजे कशाचं तरी लाडाचं नाव, पत्रिकेवर काय लिहिणार?' आजोबांना ते साईबाबांचं वाटतं. नावांच्या याद्या चाळल्या तर कुठे 'फूल', कुठे 'पार्वती', कुठे 'मैत्रीण' असे वेगवेगळे अर्थ निघाले. मग खरा अर्थ कोणता, नाव मराठी की संस्कृत, आणि सध्या गल्लोगल्ली सई झाल्यात का?

सई म्हणजे मैत्रीण. संस्कृतात सखी, प्राकृतात सही, मराठीत सई. घाईत असाल तर एवढं पुरेसं आहे. पण मी संस्कृत आणि प्राकृत शिकवते, नावांच्या विचारणा माझ्याकडे सतत येतात, आणि या एका नावाबद्दल मला थोडं जास्त बोलायला आवडतं. शिवाय तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या शंकेत काही ना काही तथ्य आहे.

आधी 'सखी'ची 'सई' होते कशी ते पाहू. दोन स्वरांच्या मध्ये ख, घ, थ, ध, भ अशी महाप्राण (ज्यांच्या उच्चारात 'ह'चा श्वास मिसळलेला असतो ती) व्यंजनं आली की महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, त्यांचा बहुतेक वेळा नुसता 'ह' उरतो. संस्कृतातल्या 'दधि'चं आपलं 'दही' झालं, 'बधिर'चं 'बहिरा', 'गोधूम'चा 'गहू'. 'लिख्' या धातूतला ख असाच विरघळला आणि आपण 'लिहितो'. त्याच न्यायाने सखीची सही झाली. पुढे मराठीच्या तोंडी हा ह सुद्धा टिकला नाही. 'नाही'चं 'नाई' आणि 'काही'चं 'काई' आपण बोलताना रोज करतोच, तसंच सहीचं सई. (कागदावर करतो ती 'सही' अरबीतून आलेली, तिचा याच्याशी काही संबंध नाही. पण पुष्कळ घरांत तिलाही 'सई'च म्हणतात, त्यामुळे तुमच्या मुलीला शाळेत 'सई, सई कर' हा विनोद ऐकावा लागणार, याची तयारी ठेवा.)

म्हणजे हे नाव मराठी की संस्कृत? मूळ संस्कृत, घडण प्राकृत, रूप मराठी. पण यातही एक गंमत आहे आणि ती मला नावापेक्षाही जास्त आवडते. विवाहात सप्तपदीच्या शेवटच्या पावलाला वर वधूला म्हणतो, 'सखा सप्तपदी भव'. सात पावलं बरोबर चाललीस, आता माझी सखा हो. सखा, सखी नव्हे. बोलणं वधूशी चाललंय आणि शब्द मात्र पुल्लिंगी दिसतो. कारण वेदकाळच्या भाषेत 'सखा' हेच रूप दोघांनाही चालायचं. पाणिनीने यावर वेगळं सूत्रच केलं आहे: 'सख्यशिश्वीति भाषायाम्'. 'सखी' हे ईकारान्त रूप 'भाषे'त होतं, असं तो सांगतो, आणि पाणिनीच्या लेखी 'भाषा' म्हणजे लोकांच्या तोंडची बोलती भाषा. त्या सूत्रावर काशिकाकारांनी, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या जुन्या टीकेच्या लेखकांनी, उलट उदाहरण दिलंय तेही हेच, 'सखा सप्तपदी भव'. म्हणजे 'सखी' हा शब्द मुळातच मंत्रातला नाही, बोलण्यातला आहे. बोलण्यातून तो ग्रंथात गेला, पुन्हा बोलण्यात उतरून सही झाला, सई झाला. 'हे नाव देवाधर्माचं नाही' अशी कुणाची तक्रार असेल तर ती खरी आहे. हे माणसांचं नाव आहे, आणि त्यातही बायकांच्या आपसातल्या बोलण्यातलं.

त्याचा पुरावा हवा असेल तर गाथासप्तशती उघडा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा हा संग्रह. त्यातल्या कितीतरी गाथांमध्ये एक बाई दुसरीशी बोलते आहे आणि बोलता बोलता मध्येच 'सहि' अशी हाक येते. नवऱ्याचं गाऱ्हाणं, प्रवासाला गेलेल्याची वाट, गावातली कुजबुज, सगळं या एका हाकेला टेकून उभं आहे. मराठीत पुढे जात्यावरच्या ओव्यांमध्ये, सणावारांच्या गाण्यांमध्ये तीच हाक 'सये', 'सयांनो' अशी येत राहिली. नदीच्या नद्या होतात तशा सईच्या सया. तुमची आत्या 'अर्धवट नाव' म्हणते ते यामुळेच. सई हा शब्द नाव होण्याआधी कितीतरी शतकं हाक होता, आणि हाकेची लांबी एवढीच असते.

आता 'पार्वती' आणि 'फूल' हे अर्थ कुठून आले ते.

प्राकृतात व्यंजनं एवढी गळतात की वेगवेगळे संस्कृत शब्द घरंगळत एकाच रूपावर येऊन थांबतात. 'सई' हे तसं गर्दीचं ठिकाण आहे. 'सती'तला त गळला की 'सई'. गाथासप्तशतीतच 'असई' हा शब्द वारंवार भेटतो, त्याचा अर्थ असती, म्हणजे व्यभिचारिणी. इंद्राची बायको शची, तिचीही 'सई' होते. 'सप्तशती'ची 'सत्तसई' झाली, तिथे सई म्हणजे 'शती', शंभरांचा गट. आणि 'स्मृति'चं प्राकृत 'सइ' होतं. मराठीत 'सय' म्हणजे आठवण, ती तिथलीच.

यातल्या 'सती'वरून याद्यांमध्ये 'पार्वती' हा अर्थ शिरलाय. सती म्हणजे दक्षाची मुलगी, ती पुढच्या जन्मी पार्वती, म्हणून सई म्हणजे पार्वती, अशी ही शिडी. व्याकरणाने ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. पण मराठीत 'सती' हा शब्द 'सती' म्हणूनच राहिला. सती गेली, सतीचं वाण, सतीची शिळा, यात कुठेही आपण 'सई' म्हणत नाही. उलट 'सये' म्हटलं की मराठी कानाला मैत्रीणच ऐकू येते. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना 'सती' हा अर्थ सांगायचा असेल तर खुशाल सांगा, पण माझ्या मते तो दुय्यम आहे. 'फूल' हा मात्र सरळ घोटाळा दिसतो. पांढऱ्या नाजूक फुलाचं नाव 'सायली', सई नव्हे. यादी करणाऱ्याने दोन नावं शेजारशेजारी लिहिली असतील आणि अर्थ एका ओळीने सरकला असेल.

'सय' मात्र मी दुय्यम म्हणून सोडणार नाही. दिग्दर्शिका सई परांजपे यांनी आपल्या आत्मकथनाला 'सय' असं नाव दिलं. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' यांच्या आठवणी आणि स्वतःचं नाव, दोन्ही एका शब्दात. हा अर्थ व्युत्पत्तीने तुमच्या मुलीच्या नावाचा नाही, पण कानाने आहे, आणि नावं शेवटी कानानेच निवडली जातात.

आता इतिहास. 'सई' म्हटलं की मराठी माणसाला आधी आठवतात त्या सईबाई, शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब. फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, लग्न १६४० साली पुण्यात. संभाजीराजे १४ मे १६५७ ला पुरंदरावर जन्मले आणि ते सव्वादोन वर्षांचे असतानाच, ५ सप्टेंबर १६५९ ला, सईबाई राजगडावर वारल्या. अफजलखानाची भेट त्यानंतर दोनच महिन्यांनी झाली. गडाच्या पायथ्याला पाल गावात त्यांची समाधी आहे. म्हणजे हे नाव आजकालच्या फॅशनचं, दोन अक्षरी नावांच्या लाटेबरोबर आलेलं, असं कुणी म्हटलं तर फलटणकडे बोट दाखवा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ते सरदार घराण्यात ठेवलं जात होतं, आणि पत्रिकेचं काम त्यावर भागत होतं.

आणि आता जरा थांबून एक गोष्ट बघा. या सईबाईंच्या मोठ्या मुलीचं नाव होतं सखुबाई. आई सई, लेक सखू. दोन्हींचं मूळ एकच, 'सखी'. आईच्या नावातला ख गळून गेलेला, लेकीच्या नावात तो तसाच उभा. त्या काळात या दोन नावांमध्ये उच्चनीच काही नव्हतं. सखू तर जास्तच चालणारं नाव. कऱ्हाडची संत सखू, तिच्या जागी विठ्ठल स्वतः खांबाला बांधून घेतो ती कथा घराघरांत माहीत, प्रभातने १९४१ साली तिच्यावर चित्रपटही काढला. पुरुषांत सखाराम होतेच. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक सखारामबापू बोकील.

आज काय परिस्थिती आहे? बारशाला 'सई' म्हटलं तर सगळे 'वा, छान' म्हणतात. त्याच बारशाला 'सखू' म्हणून बघा. आजी सोडून सगळे हसतील. आणि 'सखी' म्हटलं तर पुन्हा 'वा, छान'. म्हणजे अर्थ एकच, मूळ एकच, घराणंही एकच, तरी एका नावाला नवेपण मिळालं आणि दुसरं जुनाट ठरलं. लोक मला अर्थ विचारतात आणि मी सांगतेही, पण नाव चालतं की पडतं हे अर्थावर कधीच ठरत नाही. ते शेवटच्या स्वरावर ठरतं, आणि ते नाव आपण कुणाच्या तोंडून, कुणासाठी ऐकलेलं आहे त्यावर. ऊकारान्त नावं, ठकू, बकू, धोंडू, सखू, ही आपण कष्टाची, खेड्यातली, घरकामाची म्हणून एका बाजूला सारली. ईकारान्त आणि आकारान्त नावं शहरात शिरली, शाळेत गेली. यात सखूची काही चूक नाही. मला तर कुणी मुलीचं नाव सखू ठेवलं तर फार आनंद होईल. पण अजून तरी तसं कुणी विचारायला आलेलं नाही.

सईला आणखी एक गोष्ट पथ्यावर पडली. विसाव्या शतकात नावांच्या शेपटीला असलेलं 'बाई' गळायला लागलं. काशीबाई, गंगाबाई यांतलं 'बाई' काढलं की उरतं ते काशी आणि गंगा, तीर्थक्षेत्रं. सईबाईतलं 'बाई' काढलं की उरतं 'सई', आणि ते एकदम आजचं वाटतं. मुळात छोटं असल्यामुळे त्याला कापायची वेळच आली नाही.

आता आजोबांचं म्हणणं. शिर्डीचे ते 'साई'. तो शब्द वेगळा. 'साईं' हे 'स्वामी'चं घासून झालेलं रूप, मालक किंवा धनी या अर्थाचं, उत्तरेत फकिराला आणि साधूला आदराने म्हणतात ते. आंध्र-तेलंगणात आणि तमिळनाडूत 'साई' मुलगा-मुलगी दोघांच्या नावात पुढे लागतो, साई पल्लवी हे ओळखीचं उदाहरण. सईत पहिला स्वर ऱ्हस्व, साईत दीर्घ. देवनागरीत हा फरक एका कान्याचा आहे. रोमन लिपीत तो दिसतच नाही, आणि तुमची खरी डोकेदुखी तिथे आहे. तिच्याकडे येतेच. आधी एक सांगते, आजोबांची साईबाबांवर श्रद्धा असेल तर वाद घालू नका. त्यांना त्यात साईबाबा दिसू द्या, नावाचं त्यात काही बिघडत नाही.

नकाशावरही एक सई आहे, म्हणून जाता जाता. उत्तर प्रदेशात रायबरेली, प्रतापगढकडून वाहत जाऊन गोमतीला मिळणारी सई नदी. रामचरितमानसात भरताच्या प्रवासात ती येते. ती आपल्या नावाची जननी नव्हे, पण नदीचं नाव म्हणून कुणाला आवडलं तर तेवढंच.

लोकप्रियतेबद्दल सरळ सांगते. ब्रिटन-अमेरिकेत सरकार दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची क्रमवारी छापतं. आपल्याकडे तशी सरकारी यादी निघत नाही. त्यामुळे 'सई अमुक क्रमांकावर' असं जे कुठे वाचाल ते त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या वाचकांवरून काढलेलं असतं, महाराष्ट्रातल्या जन्मांवरून नव्हे. माझ्यापुरतं निरीक्षण असं, की सई हे शहरी मराठी घरांमध्ये आता चांगलं रुळलेलं नाव आहे. सई ताम्हणकरसारख्या अभिनेत्रीमुळे ते अमराठी कानांवरही पडलंय ('मिमी'साठी तिला फिल्मफेअर मिळालं तेव्हा तर देशभर). वर्गात दुसरी सई निघू शकते, तिसरी निघाली तर मला आश्चर्य वाटेल. इरा, मायरा, कियारा, अन्वी यांची जशी एकदम लाट आली तशी सईची कधी आली नाही. ते हळूहळू वाढलं, म्हणून हळूहळूच उतरेल. लाटेवर आलेल्या नावावरून मुलीचं जन्मसाल ओळखता येतं. सईवरून येत नाही: सई परांजपे १९३८ सालच्या आहेत, आणि तुमची सई या वर्षीची असेल. 'मोठेपणी शोभेल का' या शंकेचंही उत्तर त्यातच आलं.

तोटे सांगायचे तर दोन. पहिला, आडनाव स्वराने सुरू होत असेल तर बोलून बघा. 'सई इनामदार' भरभर म्हटलं की 'सईनामदार' होतं आणि नाव आडनावात बुडतं. 'सई आपटे' चालतं, 'सई कुलकर्णी' तर खणखणीत. अर्थात पूर्ण नावात मध्ये वडिलांचं किंवा आईचं नाव आलं की हा प्रश्न सुटतो. पण शाळेत, ऑफिसात ते मधलं नाव कोण घेतं?

दुसरा तोटा स्पेलिंगचा. एस-ए-आय लिहाल तर महाराष्ट्राबाहेर ते 'साई' वाचलं जाणार, आणि पुष्कळदा मुलगा समजून 'मिस्टर' लावून पत्र येणार. एस-ए-ई-ई लिहिलं तर निदान ते साईबाबांचं नाव नाही एवढं कळतं. मराठी घरांत हे स्पेलिंग आता बऱ्यापैकी ओळखीचं आहे, परदेशात मात्र काही जण ते 'सी' वाचतील. मधे वाय घालूनही लिहितात, पण त्याचा उच्चार 'सायी' होतो. माझी पसंती एस-ए-ई-ईला. कुठलंही घ्या, पण एकच घ्या. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टला तिसरं असं झालं की पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

राशीचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. पंचांगातल्या अवकहडा चक्राप्रमाणे 'सा' हे अक्षर शतभिषा नक्षत्राचं, रास कुंभ, आणि नावाच्या बाबतीत स आणि सा एकच धरतात. मुलीची रास दुसरी असेल तर पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं ठेवा आणि हाक मारायला सई. ही सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे, गुरुजीही हरकत घेत नाहीत.

आत्याची समजूत काढायची असेल तर तिला सईबाईंचं उदाहरण द्या, व्याकरण नको. तरीही तिला लांब नाव हवंच असेल तर ते पत्रिकेतलं जन्मनाव म्हणून तिलाच सुचवू द्या. 'सईश्री', 'सईशा' असली जोडकामं मात्र करू नका. दोन अक्षरांत जे पुरं होतं त्याला ठिगळ कशाला?

शेवटचं काम कागदाचं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते. नाव पुढे वर्षभरात फुकट घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घरात एकमत व्हायला वेळ आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावर जे छापलं जाईल ते आयुष्यभर मागे येणार. आपल्याकडे दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतो. टाइप करणारा माणूस किंवा संगणक इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नाव तयार करतो आणि 'सई'ला काना लागून 'साई' होते, हे मी बऱ्याच दाखल्यांवर पाहिलंय. अर्जावर नाव देवनागरीत ठळक लिहा, आणि दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी मराठी ओळ वाचून घ्या.